देवराईत पडलेला चौकोन

बुध., १२ नोव्हें.
आणले: सुतळीचे दोन गुंडे, ऐंशी रु. चुना, तीस. मनूचे बूट; सहाशे म्हणत होता, साडेचारशेला दिले. शनिवारी ती परत जव्हारकडच्या रानात, झाडांच्या मोजणीला. अख्खे रान मोजत नाहीत म्हणे. ठिकठिकाणी सुतळीने चौकोन आखायचे, त्यातली झाडे मोजायची, त्यावरून डोंगराचा अंदाज. म्हटले, आणि अंदाज चुकला तर?
"आई, तू तांदळाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात का घालतेस?"
वर चांगलेच ठेवतात म्हणून.
"तेच!"

शुक्र., १४
मनूचा चेहरा उतरलेला. जेवताना बोलली. मागच्या खेपेला एक चौकोन देवराईत पडला. वाटाड्या देवूकाका आत जाईनात. "देवाची झाडं मोजायची नाय, ताई. मोजली का घटतात." वर आग्या मोहोळाची पोळी लटकलेली. मग बरोबरच्या मुलांनी चौकोन उचलून बाहेर माळावर आखला.
मला तर बरे वाटले. देवाला हात जोडले. पण मनू म्हणते सगळा अंदाज बिघडला. मोठी झाडे राईतच. आता कागदावर डोंगर बोडका दिसतो, आणि बोडका दिसला की दगडखाणीला द्यायला मोकळा. पाड्याचे पाणी त्याच राईतून येते.
गुरुवारी आत जाऊन मोजणार. गुरुवारी अमावास्या!
हे पेपरमधूनच: "तिची नोकरी आहे ती, तुझा उपास नाही."

शनि., १५
मनू गेली. थालीपिठे दिली, अंगाऱ्याची पुडी दिली. हसली. "माश्यांना दाखवू का?"
दारात पुन्हा म्हटले, राई सोड, दुसरीकडे घे ना चौकोन.
"ठिकाणं कॉम्प्युटरने काढलीत, आई. डोळे मिटून चिठ्ठी उचलावी तशी. सोयीची नाही म्हणून बदलायची, तर चिठ्ठ्या टाकायच्या कशाला?"
फुलपाड्याच्या वळणापर्यंत रिक्षा दिसत होती.

सोम., १७
जपात लक्ष नाही. माश्यांची भीती की देवाची, तेच कळत नाही.
माहेरच्या देवळात कौल लावायचे. पाकळी डावीकडे पडली तर डावीच. माणसे रडत, तरी गुरव पुन्हा लावत नसे. मनासारखा मिळेपर्यंत लावायचा तो कौल कसला?
म्हणजे त्या मुलांनी... पण तो देवाचा, हा यंत्राचा.
आणि यंत्राने नेमकी राईच का दाखवली?

बुध., १९
अंघोळ करून देवापुढे वाटीत दोन चिठ्ठ्या टाकल्या. जावे. जाऊ नये. उचलली ती "जावे".
हात परत वाटीकडे गेला. एकदाच, आणखी एकदाच म्हणून. समईसमोर बसून हे करतेय मी! हात मागे घेतला.
मनूचा फोन लागत नाही. तिकडे रेंज नाही. देवूकाकांचा जावई भाजीचा टेम्पो घेऊन विरारला येतो, दुपारी परत जातो. त्याच्या हाती चिठ्ठी दिली. पहिली "जाऊ नकोस" अशी लिहिली होती, ती फाडली. दिली ती अशी:

चि. मनूस आशीर्वाद. चौकोन हलवू नकोस, पडला तिथेच आख. बूट राईबाहेर काढावे लागले तर पायमोजे दोन घाल. अंग झाकलेले, तोंडाला ओढणी. आत शिरण्याआधी माझ्या नावाने नारळ ठेव, आणि देवूकाकांना बळे आत नेऊ नकोस. झाडे किती भरली ते मागाहून सांग. तू बाहेर आलीस, एवढेच दोन शब्द याच टेम्पोने उलट टपाली धाड. टेम्पोच्या वेळी मी नाक्यावर उभी आहे.