टेपचं दुसरं टोक

दि. १४ मे २०२५, बुधवार

चि. सम्राट,
मामाचा सप्रेम जय भीम. इकडे सगळे बरे. तुझी आई जराशी अशक्त आहे, काळजीचं कारण नाही.

दीड वर्ष तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. वस्तीतल्या अठ्ठेचाळीसही घरांना नळ आणि संडास झाले. एकही जोड गळत नाही. आटे मी स्वतः आवळलेत. उद्या दहाला ग्रामसभेत ‘शंभर टक्के शुद्ध पाणी’ असा ठराव आहे. पाणी सोडणारा म्हणून दाखल्यावर सही माझी.

सोमवारी बोअरचं पाणी तपासायच्या बाटलीत भरलं. मैला उतरला असेल तर ते काळं पडतं. काल सकाळी काळं पडलं. म्हटलं, बाटली जुनी असेल. दुसरी भरली. तीही आज काळी.

समाजमंदिरामागच्या संडासाचं माप आठवतं? बोअरपासून पन्नास फूट हवेत. बावन्न फूट चार इंच भरलं. टेपचं दुसरं टोक तुझ्या हातात. तू म्हणालास, "मामा, दारापासून काय मोजता? खड्डा मागं, बोअरच्या अंगाला हाय." मी चारचौघांत म्हणालो, "आयटीआय केलं म्हंजी मला शिकवतो व्हय रं?" तू टोक सोडून गेलास, तो नागापूरलाच.

आज टोकावर दगड ठेवून खड्ड्यापासून मोजलं. एकतीस फूट.

आज मोटारीच्या पेटीला कुलूप घातलंय, पाणी बंद. सरपंच अंगदराव म्हणतात, "बाटल्या फेक, सहादेव. सही कर, खड्ड्याचं मागनं बघू." वस्ती शिव्या देते. पाणी का बंद, हे वस्तीत अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सम्राट, वरचं ‘सगळे बरे’ खोटं आहे. पहिली बाटली काळी पडल्यावरही काल मी पाणी सोडलं. संध्याकाळपासून तुझ्या आईला जुलाब. सरकारी दवाखान्यात तिसरी सलाईन चालू आहे. शेजारची चार माणसंही तिथंच. पाणी उकळून पी म्हणालो, तर तुझी आई म्हणते, "दादा, पानी तू सोडतो, मंग भ्या कशाचं?"



दुधाच्या टेम्पोबरोबर हे पत्र देतोय. आधी आईकडे जा. मग दहाच्या आत ये. बाटल्या आणि टेप घेऊन मी सभेत उभा असेन. सगळ्यांसमोर पुन्हा मोजायचंय. टोक तू धर. नाही आलास, तरी मोजणार, दगड आहे.

तुझा,
दारापासून मोजणारा मामा,
सहादेव