बुधवारी सात वाजता, ऐंशी मीटरवर

मालवण, ता. १५ फेब्रुवारी १९६१

चि. सत्यवान यास हरिश्चंद्रमामाचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम.

तुमच्या रेडिओ क्लबाचा ठराव पोचला. खाली चिटणीस म्हणून तुझी सही आहे, म्हणून उत्तर तुलाच देतो. ठराव म्हणतो की, हौशी रेडिओच्या ऐंशी मीटर लहरींच्या पट्ट्यावर बुधवारी सायंकाळी भरणाऱ्या मोर्सच्या सभेस दोनच स्टेशने येतात: मालवणहून मी आणि आरोंद्याहून सेबॅस्टियन. दिवाळीपर्यंत चार न झाल्यास ती वेळ व ती जागा माइकवर बोलणाऱ्यांना द्यावी.

दोनच येतात, हे मान्य. त्यावरून मोर्स निरुपयोगी ठरत नाही. चार माणसे आळशी आहेत, एवढेच ठरते. या पट्ट्यावर विजांचा कडकडाट सुरू झाला की माणसाचा आवाज त्यात बुडतो. मोर्सचा बारीक सूर वेगळा ऐकू येतो. सेबॅस्टियन मोटारीच्या बॅटरीवर जेमतेम पाच वॅट काढतो, तरी त्याचे अक्षर न् अक्षर मला कळते. त्या जागी तुमचे शंभर वॅटचे माइक आले की तो गप्प होईल. ठराव त्याला गप्प करण्याचा आहे, तसे त्यात स्पष्ट लिहा आणि मग मते मोजा.

तूही दोन वर्षांत मोर्स ठोकायच्या कीला हात लावलेला नाहीस. कारण कळवावे.

मतभेदासह लोभ आहेच.
हरिश्चंद्र


मुंबई, ता. २६ फेब्रुवारी १९६१

तीर्थरूप मामांस सत्यवानाचे शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र सभेत वाचून दाखवले. वकिली सोडली तरी मामांनी पक्षकार काही सोडला नाही, अशी थट्टा झाली. पण पट्टा वाईट आहे असे कोणी म्हणाले नाही. लोक म्हणतात, ऐंशी मीटरवर मालवणचा एक परीक्षक बसतो.

नवा माणूस चाचरत हाक देतो. आपण आपल्या वेगाने उत्तर देता, आणि त्याचे एक अक्षर चुकले की त्याला थांबवून पुन्हा पाठवायला लावता. पुण्याच्या एका डॉक्टरांना आपण त्यांचेच नाव बिनचूक येईपर्यंत सोडले नाहीत. ते आता माइकवरून सिलोनशी बोलतात. तिथे त्यांचे नाव कोणी तपासत नाही. मामा, माझे कारणही तेच आहे.

आई मे महिन्यात इकडे येणार आहे. डोळे तपासून घ्यायचे म्हणते.

रागावलात तरी आशीर्वाद कमी करू नयेत, ही विनंती.
आपला सत्यवान


मसुरे, ता. २० ऑक्टोबर १९६१

चि. बाबूस आईचे अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे म्हणून तुझ्या घरातून निघत होते. डोळे चांगले आहेत. मी सरकारच्या रेडिओ परीक्षेला बसले होते. मोर्ससकट पास झाले, लायसनही आले, पाठवायचा छोटा संचही घेतला. तुला सांगितले असते तर तू मला घरी बसवले असतेस, आणि दादाला सांगितले असते तर त्याने शिकवले असते.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी या घरात माझ्याशी बोलायला कोणी नाही. दादाने बसवून दिलेल्या रेडिओवर त्याचे आणि सेबॅस्टियनचे बोलणे मी दर बुधवारी ऐकते; ऐकून ऐकूनच मोर्स शिकले. ते तुम्ही बंद करणार म्हटल्यावर नुसते ऐकत बसणे मला जमेना.

परवा सभेत मी हाक दिली. दुसऱ्याच शब्दाला दादाने थांबवले. पुन्हा पाठवले, पुन्हा थांबवले. मग मी सावकाश, एकेक अक्षर पाठवले: “दादा, तुमी माका शिकवतास काय माझ्यावांगडा बोलतास?”

शिकवायचे की माझ्याशी बोलायचे, एवढेच विचारले होते. बॅटरी उतरली की काय म्हणून मी तारा चाचपल्या. तेवढ्यात सेबॅस्टियन मध्ये पडला: “वकिलानू, जबाब देवा.” मग दादा आला, माझ्या वेगाने, आणि भात कापून झाले का म्हणून विचारले.

आता आम्ही तीन आहोत. तुझी मोर्सची की कपाटात धोतरांमागे पडलेली मी पाहिली आहे. चुकत चुकत ये. नाही आलास, आणि तुमचे माइक माझ्या डोक्यावरून ओरडत गेले, तरी बुधवारी सातला मी तिथे असणार.

तब्येतीला जप, आणि आईला विसरू नकोस.
तुझी आई यशोदा


मालवण, ता. २ नोव्हेंबर १९६१

चि. सत्यवान यास अनेक आशीर्वाद.

काल चार स्टेशने झाली. चौथ्याचा हात आखडलेला होता आणि त्याने स्वतःच्या नावातले एक अक्षर गाळले. मी थांबवले नाही. थांबवायला हवे होते, असे सेबॅस्टियनचे मत पडले; तो हल्ली फार कडक होत चालला आहे. तुझी आई तुला जेवलास का म्हणून विचारत होती, ते तू दोनदा चुकीचे घेतलेस. तिने तिसऱ्यांदा विचारले, आणि तिघांनीही वाट पाहिली.

पुण्याच्या डॉक्टरांना कळव की त्यांनी आपले नाव हवे तसे पाठवावे. हाक देणाऱ्याच्या वेगाने उत्तर दिले जाईल. हा नियम तुझ्या आईने घातला आहे आणि त्यावर अपील चालत नाही.

क्लबाच्या इतिवृत्तात एक दुरुस्ती हवी. अट पूर्ण झाल्यामुळे सभा चालू राहिली, असे त्यात लिहू नये. काल तीनच असतो, तरी पुढच्या बुधवारी आम्ही बसलो असतो. तुमची संमती आता येईलच. ती मागितलेली नाही, एवढी नोंद करावी.

सर्वांस यथायोग्य सांगावे. पत्राची वाट पाहतो, आणि बुधवारची त्याहून अधिक.
हरिश्चंद्र