माप माझं, डॉलर आदेशचा

गोंडपिपरी,
श्रावण वद्य सप्तमी

ती. मुखरूभाऊ आणि वयनी यांच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या चंदाचा नमस्कार.

फोन न करता पत्र आलं म्हणून कोणी गेलं असं समजू नका. मी आणि तुमचा भाचा आदेश दोघंही धड आहोत. फोन सदा आदेशच्या हातात असतो आणि हे पत्र त्याच्याचविषयी आहे. तुम्ही आरमोरीच्या पोस्टात तीस वर्षं लोकांची पत्रं न उघडता वाटलीत, तेव्हा हे एक उघडून पोटात ठेवणं तुम्हाला जड जाणार नाही. गुडघा कसा आहे? वयनीची साखर? (लाडू खाल्ला असेल तर कळवू नका. नवी काळजी ठेवायला माझ्याकडे जागा उरलेली नाही.)

तर झालं असं. जूनमध्ये आदेशने सांगितलं की त्याला डॉलरचा व्यापार करायचा आहे. डॉलर वर जाणार वाटलं की घ्यायचा, पडणार वाटलं की विकायचा, सगळं फोनवर. भांडवल म्हणून त्याला यांच्या विम्याचे चार लाख हवेत. भाऊ, हे जाऊन तीन वर्षं झाली आणि त्या पैशातला रुपयाही मी मोडलेला नाही. मोडला की तो यांच्याऐवजी मिळाला हे कबूल केल्यासारखं होईल, असं मला वाटतं. तेव्हा सरळ नाही म्हणावं की नाही! पण तरण्या मुलाला सरळ नाही म्हटलं की तो वाकडा हो शोधतो. म्हणून मी अट घातली. पोळ्यापर्यंत सरावाच्या खात्यावर खेळ. (असं खातं असतं. त्यात डॉलरचा भाव खरा, पैसे खोटे, एक लाख.) त्या खोट्या लाखाचे नव्वद हजारांच्या खाली आले तर विषय बंद. टिकले तर चार लाखांचं बघू. मला वाटलं आठ दिवसांत निकाल लागेल.

आदेश म्हणाला, "मंजूर. पण घ्यायचं की विकायचं थे मी ठरवीन, किती थे तू ठरव." आमच्या घरची रीतच ती. धानाचं वाण हे ठरवत आणि बियाणं मी मोजून देई, कारण यांचा हात सैल. (मोजण्यात माझी चूक होते ती एकच, तांदूळ अजून तिघांचा घेते. सकाळी आम्ही दोघं फोडणीचा भात खातो.)

पहिल्याच दिवशी फजिती झाली. किती घेऊ विचारल्यावर मी म्हटलं, शंभर घे. तेंदूपत्त्याची पुडकी मोजतात त्या फडीवर सगळा हिशोब शेकड्यानेच होतो, त्याच्याखाली बोलणं मला कमीपणाचं वाटलं. फोनने लाल अक्षरं दाखवली, एवढे पैसे खात्यात नाहीत. तेव्हा कळलं की इथे एक म्हणजे एक लॉट, म्हणजे हजार डॉलर, आणि भाव एक पैसा हलला की लॉटमागे दहा रुपये येतात किंवा जातात. मी मागितले ते लाख डॉलर! दुसऱ्या दिवशी वाचनालयातून या विषयाचं जाडं पुस्तक आणलं आणि वाती वळता वळता वाचून काढलं. अर्धं कळलं नाही. कळलं ते मला आधीपासून येत होतं. मोहफुलं वेचायला जाताना वाघ कोणत्या नाल्यात बसला आहे हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? म्हणून एका घरच्या साऱ्या बाया एका नाल्यात जात नाहीत. पुस्तकात हेच लिहिलं आहे, फक्त वाघ नाही. एका सौद्यात शंभरातला एकच रुपया जाऊ द्यावा. म्हणजे लाखात हजार. पंचवीस पैशांवर हार मानायची असेल तर लॉटमागे अडीचशे जातात, म्हणून लॉट चार. हार मानायचा तो भाव आधीच फोनला सांगून ठेवायचा, त्याला स्टॉपलॉस म्हणतात.

झालं, मी मापून देऊ लागले. आदेश चिडे. "आई, दोनच लॉट? एवढ्यात चहाबी नाई सुटत!" मी म्हणे, "चहा मी करून देतो, तू दोनच घे." शेजारची गिरजाबाई कुंपणावरून रोज विचारे, "काऊन वो चंदाबाई, आज तोंड काऊन उतरलं? डॉलर पडला का?" (गावात आता सगळ्यांना वाटतं की माझ्या पेटीत डॉलर आहेत. रात्री दाराला दोन कड्या लावते.) आदेशचे अंदाज दहातले सहा चुकतात. पण चुकले की थोडं जातं आणि बरोबर आले की मी त्याला लवकर पळू देत नाही. भाऊ, तो लाख मरेना!

गेल्या बुधवारी संधी आली होती. आदेश म्हणाला, आज चाळीस लॉट घेतो, डॉलर नक्की वर जाणार. मी चुलीपुढे बसून ठरवलं, घेऊ दे चाळीस, एकदाचं मिटेल. बाहेर येऊन तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "तीन." खरं सांगते, पेरणीला सगळं बियाणं एका बांधीत टाकायला हातच होईना. दुपारपर्यंत डॉलर तीस पैसे पडला. नऊशे गेले. चाळीस असते तर बारा हजार जाऊन विषय संपला असता. पोराने माझे पाय धरले. "आई, तू होती म्हणून वाचलो." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मनात स्वतःला शिव्या दिल्या.

आज त्या लाखाचे एक लाख आठशे आहेत आणि पोळा आठ दिवसांवर. झोप नाही. बाकी सर्व ठीक. धान निसवायला आलं आहे, लोंब्या डोकावतील आता.

तुमची बहीण,
चंदा

ता. क. सोबत यांच्या चार लाखांची बँकेतली ठेवपावती आहे. तुमच्या लोखंडी पेटीत ठेवा. मी शब्द मोडणार नाही, मापून देणार आहे. शंभराला दोन, म्हणजे आठ हजार. ते बुडाले तरी घर उभं राहील. आदेश पोळ्याला तुमच्याकडे भांडायला येईल, "आईनं फसवलं" म्हणेल. त्याला आधी जेवू घाला, मग सांगा.

ता. क. दुसरा. खरं खातं उघडताना, तुमचा डॉलरमध्ये काही व्यवहार आहे का, असं विचारतात म्हणे. आदेश "हो" लिहिणार आहे. हे जंगलात गाईड होते तेव्हा एका गोऱ्या बाईने एक डॉलरची नोट दिली होती, तोच आमचा व्यवहार. (तिला वाघ दिसलाच नव्हता, पंज्याचा ठसा पाहूनच ती खूश झाली.) एवढ्यावर चालतं का, हे कोणा जाणत्याला विचारा. नाही म्हणाले तर आठ हजारही वाचतील.

ता. क. तिसरा, आणि हा वयनीला वाचून दाखवू नका. आज सकाळी आदेश झोपलेला असताना डॉलर फारच खाली दिसला, म्हणून मी स्वतः दोन लॉट घेतले. खोट्या पैशांचेच. पण स्टॉपलॉस लावला की नाही ते आता आठवत नाही. पाकीट बंद करते, बघून यायला हवं.