काखेतली बाटली

चामराजपेट, मंगळवार, ९ सप्टेंबर १९९७. दिवेलागण.

सुनेचं, सुधाचं, पोर काल आठव्यातच आलं. मूठभर जीव. श्वास घेताना बरगड्या आत जातात, मांजरासारखं कण्हतं. आज दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं पोटुश्या बायांचं पोट बघायचं मशीन पोराच्या छातीवर लावायला आणलं. आधी चिकट मलमाची बाटली माझ्या हातात दिली.

"अज्जी, स्वल्प, जरा काखेत धरा. गार लागलं तर बाळाला अजून त्रास होईल."

"एवढं शिकलीस, आणि शेवटी म्हातारीची काखच लागली?"

हसली नाही. मलम घेऊन बाटली परत माझ्याकडेच दिली. पडद्यावर दोन्ही बाजू पांढऱ्याफटक. फुप्फुसांत नीट वारा भरला असता तर इतकं पांढरं दिसलं नसतं म्हणे. आता नळी घालून मशीननं श्वास देताहेत. जगेल असं काही ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. का नाही विचारलं?

सुधाला म्हटलं, "रडणं पुरे. दूध काढून ठेव."

सकाळी पुन्हा छातीवर ते मशीन लावून बघणार आहेत.

घरी आल्यावर कळलं, बाटली काखेतच राहिली. मुलगा म्हणाला, "दे, ठेवतो टेबलावर."

दिली नाही. खाली ठेवली की गार होते.