तेरा तासांचा उपास

माय, गेल्या महिन्यात मी दादाकडे लंडनला जाऊन आले. मुंबईहून साडेनऊ तास, मधे कुठं थांबणं नाही. समोरच्या पडद्यावर उरलेले मैल कमी होत होते. दोनदा जेवण आलं आणि दोन्ही वेळा तू आठवलीस.

तो शिकायला निघाला त्या वर्षी आपल्या इंझोरीत विमान कुणी जवळून पाहिलेलं नव्हतं. मी चौदा वर्षांची. मुंबईहून त्याचं कार्ड आलं तेव्हा तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस आणि मी उंबऱ्यात बसून तुला वाचून दाखवत होते: शुक्रवारी सकाळी सहाला विमान सुटेल, लंडन साडेचार हजार मैल. तू मला तिथंच थांबवलंस. "कारंज्याले जायाले बैलगाडीले अर्धा दिवस लागते. त्याचे पाय जमिनीले लागत नाहीत तवर मी पाणी बी घेणार नाही. किती येळ लागन, सांग." विमान ताशी साडेतीनशे मैल जातं, असं दादा सांगून गेला होता. मी पाटीवर हिशेब केला. तेरा तास. दिवेलागणीला पोचेल.

शुक्रवारी भादव्याचं ऊन. तू मुगाच्या शेंगा तोडते आहेस, ओठ पांढरे पडलेत, आणि मी चावडीतलं घड्याळ पाहायला चौथ्यांदा पळते आहे. "आता कुठंसा असन व तो?" तू विचारतेस. "समुद्रावर," मी सांगते. सात वाजले तसा मी तुझ्या हातात पाण्याचा गडवा दिला. "उतरला, माय." तू उभ्यानंच सगळा प्यायलीस, मग पोटभर जेवलीस.

तीन आठवड्यांनी त्याचं लांब पत्र आलं, ते बाबांनी वाचलं. विमान वाटेत तीनदा उतरलं, एका ठिकाणी बिघाड झाला, पोचायला तीस तास लागले. तू म्हणालीस, "म्हंजे मी जेवली तवा तो वरतच होता." दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांना वाढलंस आणि स्वतः बाजूला बसलीस. मी विचारलं, "काहून उपाशी राह्यते व माय?"

"राह्यलेला उपास पुरा करून राह्यली. तू जेव. तुयं गणित कच्चं हाय, त्याले तू काय करशीन."

थापड मारली असतीस तर बरं वाटलं असतं.

तू गेलीस, हे पत्र आता तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. त्या कार्डावर आणखी एक ओळ होती: वाटेत उतरत उतरत जाईल, एका दिवसाच्या वर लागेल. तुझा नेम ऐकला आणि ती ओळ मी वाचलीच नाही. पुढं सांगणार होते. पण तोवर तू माझ्या कच्च्या गणिताची गोष्ट पाहुण्यांना हसून सांगायला लागली होतीस, आणि ते हसू माझ्यानं मोडवेना.