श्वासाचा डबा आणि पितळी पट्टी

गुरुवार, ५ जानेवारी १९७८

स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू, आजवर —
नेतीचं भांडं, तांब्याचं. तोटीचं भोक चार मिलिमीटर. बाजारातल्याचं सहा असतं, मग नाकात पंप सोडल्यासारखं होतं.
शीर्षासनाचं लाकडी स्टँड, सागवानी, खिळा एकही नाही.
गजराचं घड्याळ फोडून केलेली घंटी. श्वास घेताना चार, रोखताना सोळा, सोडताना आठ, बरोबर वाजते. शालन म्हणते देवळात नेऊन ठेवा, निदान पुण्य लागेल.
आणि श्वासयंत्र. बादलीत पाणी, पाण्यात उपडा पत्र्याचा गोल डबा, डब्याखालून आत गेलेली रबरी नळी. नळीत फुंकलं की डबा वर येतो. डब्याला काटा, काट्यामागे उभी पितळी पट्टी. एका दमात किती लिटर हवा सोडली ते कळतं. पट्टीवरच्या रेघा मी कोरल्या, आकडे मी ठोकले. दुधाच्या मापाने पाणी मोजून तपासलंय. एक लिटरला ३९.३ मिलिमीटर. पट्टी करायला अकरा दिवस लागले.

हे कुणी शिकवलेलं नाही. सातवी पास. आसनं एका जुन्या कॅलेंडरवरून शिकलो. नोव्हेंबरचं पान उंदराने खाल्लं होतं, त्यावर मयूरासन होतं, म्हणून मयूरासन येत नाही.

आजची नोंद: मी ३.४. शालन १.६. तिचा दमा थंडीत वाढतो. दोन्ही वेळच्या गोळ्या चालू.

सोमवार, ९ जानेवारी

कंपनीतला ग्राइंडरवरचा भीमराज घरी आला होता. त्यालाही फुंकायला लावलं — ३.६. बिड्या ओढून माझ्यापेक्षा जास्त! हा शिफ्ट सुरू व्हायच्या आधी रिकाम्या खोक्यावर दहा मिनिटं डोळे मिटून बसतो. विहारातल्या भन्तेंनी शिकवलंय म्हणे. ना मोजणं, ना रोखणं, नुसतं बघायचं.
"मालोजीराव, श्वास आला की आला, गेला की गेला. त्याला गेज कशाला लावता?"
म्हटलं, बिनमापाचं काम टूलरूममध्ये चालतं का?
"हे टूलरूम न्हाई ना राव."
चहा दिला.

गुरुवार, १९ जानेवारी

शालनच्या हट्टाने पिंपरीत शाळेच्या हॉलमध्ये प्राणशक्तीच्या वर्गाला गेलो. गुरुजींचं नाव दौलतराव. पूर्वी कॅम्पात कापड मोजून द्यायचे, आता शक्ती देतात. वार गुरुवार. दत्ताचा म्हणून असेल, पण कंपन्यांना सुट्टीही त्याच दिवशी असते.

पद्धत अशी — आधी आसनं, मग डोळे मिटून श्वासाकडे लक्ष, मग गुरुजी एकेकाच्या छातीसमोर वीतभर अंतरावर तळहात धरून शक्ती सोडतात. आसनं ढिसाळ. भुजंगासनात निम्म्या लोकांचे कोपर ताठ, त्यांना कुणी सांगत नाही. श्वासाकडे लक्ष देणं मात्र चांगलं झालं. खोटं कशाला लिहू, तिथे मला दोन मिनिटं अगदी शांत वाटलं. शक्तीचं म्हणाल तर काही लागलं नाही.
शालन म्हणाली, छातीला ऊब लागली. ती खिडकीजवळ उन्हात बसली होती.

मंगळवार, २४ जानेवारी

यंत्राचा डबा गंजून गळायला लागला. शेजारच्या सरूबाईंकडून वनस्पती तुपाचा रिकामा डबा मागून आणला. धुतला, रंगवला, पट्टीपाशी उभा केला. दिसायला तसाच.

गुरुवार, २ फेब्रुवारी

आज चमत्कार झाला. हा शब्द मी लिहितोय, मी!
वर्गाहून आल्यावर शालनने फुंकलं — १.९. तीनदा घेतलं, तीनदा १.९. दोन आठवड्यांत तीनशे मिली. मी फुंकलं — ४.०५. शेहेचाळिसाव्या वर्षी.
म्हणजे शक्तीत काहीतरी आहे. आपण उगाच कापडवाला म्हणून हिणवलं.

शनिवार, ४ फेब्रुवारी

गुरुजी स्वतः यंत्र बघायला घरी आले. पट्टीवरून बोट फिरवलं. "मालोजीराव, आजवर आमच्या कामाला पुरावा नव्हता बघा." मग शालनला म्हणाले, "वहिनी, गोळ्या म्हणजे प्राणाच्या वाटेतला दगड. उचलून टाका."
ते गेल्यावर तिने मला विचारलं, टाकू का?
मी म्हणालो, "आकडा काय सांगतोय ते बघ."

मंगळवार, ७ फेब्रुवारी

गोळ्या बंद, तिसरा दिवस. ती म्हणते ठीक आहे. घंटी आता तिच्यासाठी वाजवतो. आधी आसन, मग घंटीवर श्वास, शेवटी तिच्या छातीसमोर माझाच तळहात धरतो. गुरुजींची वीत नऊ इंच, माझी साडेआठ. अर्धा इंच जवळून लागू पडत असेल तर उत्तमच.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

पहिली शिफ्ट. साडेदहाला गेटवरून निरोप, शेजारच्या सरूबाई आल्यात. पायात चप्पल नव्हती. "आवं चला, वैनींचा दम बसंना. त्वांड निळं पडाय लागलंय."
सायकलवर कसा आलो आठवत नाही. रिक्षात घालून डॉक्टरांकडे. दोन इंजेक्शनं, मग नळीतून प्राणवायू. दुपारी दोनला रंग परत आला.
डॉक्टर म्हणाले, गोळ्या कुणी बंद केल्या?
मी म्हणालो, गुरुजींनी.
शालन खाटेवरून, एकेक शब्द ओढत — "गुरुजींनी नाही. यंत्रानं."

बुधवार, १५ फेब्रुवारी

घरी आणलं. गोळ्या सुरू. मी विचारलं, काल तसं का म्हणालीस?
म्हणाली, "त्या दौलतरावाचा हात मला कधीच लागला नाही. ऊब उन्हाची होती, एवढं कळतं मला. पण तुमची पट्टी खोटं बोलायची नाही. बावीस वर्षं बघतेय, मिठाच्या बरणीवरसुद्धा रेघ मारता तुम्ही."

गुरुवार, १६ फेब्रुवारी

भीमराज विचारपूस करायला आला. जाता जाता गंमत म्हणून नळीत फुंकलं — ४.३.
मी म्हटलं, तूही जातोस का रे वर्गाला?
"कुठला वर्ग? दोन आठवडे ओव्हरटाइम मारतोय, बसणंसुद्धा झालं न्हाई. बिड्या दुप्पट झाल्यात."
तो गेल्यावर वही काढली. माझा आकडा वाढला, शालनचा वाढला, याचाही वाढला. भागाकार केला. तिघांचीही वाढ एकच — शेकडा एकोणीस. माणसं तीन, एक दम्याची, एक आसनं करणारा, एक बिड्या ओढणारा, आणि वाढ एकच!
व्हर्नियर घेतलं. जुना डबा माळ्यावर होता. व्यास १८० मिलिमीटर. तुपाच्या डब्याचा १६५.
अरुंद डबा तेवढ्याच हवेला जास्त वर चढतो. पट्टी जुन्या डब्याची. नव्या डब्याला लिटरमागे ४६.८ मिलिमीटर पाहिजेत.
कंपनीत मी पाव मिलिमीटरसाठी पोरांनी घडवलेले जॉब परत करतो. घरात डबा डोळ्यांनी मापला. का? पट्टी बदलावी लागेल म्हणून. अकरा दिवसांची पट्टी. बघायचंच नव्हतं मला.
शालनचा दम होता तेवढाच आहे. १.६.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

शालनला सांगितलं. पंधरा मिलिमीटर, असं सांगितलं.
तिने तुपाचा डबा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "डबा सरूबाईंना परत द्या. त्या डाळ ठेवतील."

गुरुवार, २३ फेब्रुवारी

वर्गात उभा राहिलो. साठेक माणसं. दोन्ही डबे आणि व्हर्नियर सोबत नेलं होतं. सगळं सांगितलं — यंत्र चुकलं, यंत्र माझं, चूक माझी, कुणीही माझ्या आकड्यावर गोळ्या सोडू नका. आवाज कापत होता. चार आकडे श्वास घेऊन थांबलो, मग पुढे बोललो. तेवढा प्राणायाम कामाला आला.
मागून कोणीतरी हसलं. "फिटर, तुझा डबा गंडला!"
गुरुजी मात्र रागावले नाहीत. माझ्या हातातला तुपाचा डबा घेऊन उलटा करून पाहिला. "किती व्यास म्हणालात?"
म्हटलं, १६५.
"हं," म्हणाले. "नंतर भेटू."

रविवार, २६ फेब्रुवारी

घंटी काढून टाकली. पहाटे शालनच्या शेजारी बसतो. पाठ ताठ, एवढंच आसन. ती श्वास सोडते तेव्हा मी सोडतो. तिचा मध्येच अडकतो, कुईं वाजतो, मग सुटतो. नुसतं बघायचं. भीमराजला हे सांगणार नाही, फार चढेल.
आज नकळत मोजायला लागलो होतो. ओठ हलले असावेत. ती डोळे न उघडता म्हणाली, "मोजू नका."

गुरुवार, २ मार्च

दौलतराव घरी आले होते. सहा यंत्रं हवीत, सहा केंद्रांना. मी म्हटलं, नवी पट्टी कोरतो, १६५ च्या डब्याला बरोबर जुळणारी. ते म्हणाले, "पट्टी जुनीच ठेवा, डबा तुपाचा." नगाला साडेसातशे. एकूण साडेचार हजार रुपये, निम्मे आगाऊ, पाकीट टेबलावर.
नाही म्हणालो.