अप्पांच्या होडीचं झाकण

२ सप्टेंबर
गावाकडून दादाचा फोन. काल नाथसागरात वारं सुटलं, अप्पांच्या होडीच्या पुढच्या पोटात, जाळी ठेवायच्या बंद कप्प्यात, पाणी भरलं, नाक खाली गेलं. अप्पा डब्यानं उपसत कसेबसे काठाला लागले. वर झाकण असून पाणी आत! दादा म्हणतो, वय झालं त्यांचं, होडी विकून टाकू. अन् होडी गेल्यावर अप्पा करतील काय? महिन्यात खाट धरतील. म्हणलं, थांब, झाकणाचं मी बघते.

मी नाय तर कोण बघणार? नऊ वर्षं वाळूजला कारखान्यात गाडीच्या दारांचं रबर तपासते. माझ्या हातनं गेलेल्या दारातून थेंब आत जात नाय. सुपरवायझरसुद्धा कबूल करतो.

४ सप्टें.
दाराच्या रबराची रिजेक्ट पट्टी मागितली. सुपरवायझर म्हणे, "मॅडम, गाडी घेतली काय?" म्हणलं, होडी. लई हसला, पण गेटपास दिला.

६ सप्टें. सुट्टी.
गावी. झाकणाचं जुनं रबर खरवडलं, नवी पट्टी बसवली. पट्टीच्या टोकांचा जोड सरळ बाजूला, कोपऱ्यात नाय. वरून बादली ओतली. गळलंच! दादा काठावर दात काढत उभा. तळपायाची आग मस्तकात गेली.

मग आमची लाइनवरची युक्ती. पोटाच्या तोंडाला, कडेनं खडू फासला, झाकण दाबून बंद केलं, उघडलं. रबरावर पांढरी रेघ सगळीकडं, मागच्या बाजूला वीतभर गायब. झाकण मधे दबलेलं, म्हणून मागची कड उचललेली.
"अप्पा, होडीत बसता कुठं?"
"कुठं म्हंजे? झाकणावर. मग काय पाण्यात बसू?"
घ्या!

खालून लाकडी पट्टी चिकटवून झाकण सरळ केलं. परत खडू. रेघ पुरी! तीन बादल्या ओतल्या, आत कोरडं ठाक. बसायला मागं फळी टाकून दिली. अप्पांनी फळी हातानं दाबून बघितली, अन् परत झाकणाकडं बघितलं.

दादाची अट : वाऱ्याच्या दिवशी एक फेरी. पोट कोरडं राहिलं तर होडी राहील. नायतर गिऱ्हाईक तयार हाय.

९ सप्टें.
वहिनीचा फोन. अप्पा काठावरच्या एकेकाला धरून झाकण दाखवतात म्हणे. "पोरगी मोटारीची दारं बनवती." मी नुसती तपासते. पण बनवती तर बनवती! कंपनीच्या बसमधे एकटीच हसत बसले.

१२ सप्टें.
आज वारं. अप्पा सकाळीच गेले. माझं कामात ध्यान नाय, एकच दार दोनदा तपासलं. शिफ्ट सुटता सुटता फोन आला.
"आलो गं. लाटा झाकणावरनं गेल्या."
"आत पाणी?"
"उघडलं नाय. दादालाबी हात लावू दिला नाय. तुझं काम हाय, तूच उघड."
मग आठवलं.
"अप्पा, बसला कुठं व्हता?"
अप्पा खोकले. मग, "फळीवर... बराच वेळ."

उद्या सुट्टी. पहिल्या गाडीनं निघते. खडू घेतलाय, पोटात फिरवून बघायला कोरडं फडकंबी घेतलंय.